पावण्यांच्या रेघा

आमच्या हापिसात फोन आला की पलीकडचा माणूस हॅलो बी म्हणत न्हाई. डायरेक्ट इचारतो, "ऊस गेला. मेंढरं हायत का?"

मी म्हणते, "हायत. गाव सांगा."

हेच माझं काम. ऊस तुटून गेला की रान मोकळं हुतंय, तवा शेतकऱ्याला तितं मेंढरं बसवायची असत्यात. कळप मुक्कामाला बसला की लेंड्यांचं खत पडतंय. तसलं खत कुठल्या दुकानात मिळत न्हाई. आन् आमच्या माणातली धनगरं दिवाळी झाली की मेंढरं घिऊन ह्याच उसाच्या मुलखात फिरत्यात. ह्येला खत पायजे, त्येला रान पायजे, पर कोण कुठं हाय ते एकमेकाला ठावं नसतंय. ते आमी सांगतो. माधवनगरला बंद पडलेल्या मागाच्या शेडवर एक खोली हाय, तितं बसून.

आमी म्हंजी तिघं. अंकिताताई मालकीण. पलूसकडच्या बागायतदाराची पोरगी, पुण्यातली कंप्युटरची नोकरी सोडून आली. ऋषिराज सांगलीचा, प्रोग्राम लिवतो आन् मेंढराला 'शीप' म्हणतो. आन् मी राणी, धनगराची. धाव्वीतनं शाळा सोडली. मास्तर म्हणला, "राणे, एका जागी बसायचा गुणच न्हाई तुज्यात." मी म्हणलं, "व्हय, न्हाईच," आन् उठले ती परत गेले न्हाई.

मग अर्जुनामामाच्या कळपासंगं फिरत हुते. मामाची मेंढरं अंकिताताईच्या वडलांच्या रानात बसली हुती. वडील म्हंजी सुभेदार लालासाहेब, रिटायर फौजी, ताई त्यास्नी आण्णा म्हणती. ताई बांधावर फोनवर बोलत हुती, आन् पलीकडचा कुणीतरी शेतकरी तिला लय तापवत हुता. कळपाला तीन रात्री म्हणून बोलावलं आन् एका रात्रीत हाकललं, वर म्हणतोय मेंढरांनी बांध पाडला. ताई आपली "सर, सर" करतीया. मला ऱ्हावलं न्हाई. फोन वढून घेतला आन् म्हणलं, "आवं बांध पडला म्हंता, मग उद्या येऊन बघते. पडला नसला तर मी पाडून जाती."  मग म्हणतोय, "बसू द्या की दोन रात्री आणखी."

ताई माझ्याकडं बघतच ऱ्हायली. "नोकरी करतीस?"

"बसून करायची का उभ्यानं?"

"कशी बी कर बाई."

तर अशी मी माधवनगरला आले. पर तितल्या कंप्युटरनं माझं डोस्कं फिरायची पाळी आणली. समदी माहिती तक्त्यात. एक वळ म्हंजी एक माणूस. नाव, गाव, फोन. 'बिरदेव' टाकलं की पडदा भरून बिरदेव. आमच्यात दर घरात एक बिरदेव असतोय, देवाचं नाव हाय ते. ऋषिराज म्हणायचा, "आडनाव टाक." आडनाव बी एकच. "मग गाव टाक." आरं, माणूस आठ म्हैनं गावात नसतोय, गाव टाकून काय त्याच्या कुलपाशी बोलू?

एक दिवस ताई खडू घिऊन भितीपाशी हुबारली. "नावानं शोधायचं सोडून देऊ. राणी, तुमच्यात अनोळखी माणूस भेटला तर पयलं काय इचारत्यात?"

"कुणाचा कोण."

"बास. कंप्युटरला तेच शिकवायचं." तिनं भितीवर एक गोल काढला, त्यात लिवलं अर्जुना. दुसरा गोल काढला, राणी. मधी रेघ. रेघंवर लिवलं, भाची. "ह्याला ग्राफ डेटाबेस म्हणत्यात. तक्ता न्हाई, नुसते गोल आन् रेघा. कुठला बी गोल धरायचा आन् रेघंरेघंनं चालत जायचं. बिरदेव पन्नास असू द्यात, पर ज्याची बायको साळूबाईची भन हाय आन् जो माघात पलूसला बसला हुता, असा एकच निघंल."

मला पटलं. हे तर आमच्या आयचं डोस्कं झालं की! ती अशीच शोधती.

मग मी आन् ऋषिराज त्याच्या स्कूटरवर तळातळाला हिंडलो. ऋषिराजनं मोबाईलवर फॉर्म बनवला हुता. तो अदबीनं इचारायचा, "काका, हे शेजारच्या कळपाचे, हे तुमचे कोण?"

"पावणं."

"आन् ते पलीकडचे?"

"ते बी पावणं."

"आन् ज्यांच्या रानात बसलाय ते?"

"पावणंच म्हणायचं की आता."

ऋषिराज टायपायचा. माझ्याकडं दुसरा मोबाईल, मी बी टायपायची. मला त्यात काय वावगं वाटलं न्हाई. पावणंच असत्यात समदी.

चैत्रात एकदाचं समदं कंप्युटरात गेलं. बेस्तरवारी सकाळी ऋषिराज म्हणला, "आज चालू करू." तेवढ्यात सोनमआक्काचा फोन आला. आक्का म्हंजी माझी थोरली भन.

"राणे, घोळ झाला. ह्यांची सुट्टी बदलली."

'हे' म्हंजी धनाजी, तिचा हुणारा नवरा, फौजेत हाय. लगीन वैशाखात ठरलं हुतं. आता सुट्टी आत्ताच मिळाली, म्होरं मिळंल का न्हाई सांगता येत न्हाई. म्हणून लगीन ह्याच रयवारी.

"मग झ्याक की! लौकर उरकंल."

"मामाचा फोन लागंना."

"कवापासनं?"

"आठ दिस झालं बंद हाय. आबा मोटरसायकल घिऊन पलूस, कडेगाव पालथं घालून आलं. जो तो म्हणतोय, हुतं की, गेलं की. कुठं गेलं ते कुणाला ठावं न्हाई. मामाला वाटतंय लगीन वैशाखात हाय." तिचा आवाज बारीक झाला. "राणे, मामा पाठीशी नसला तर मी अंतरपाटाम्होरं हुबी ऱ्हाणार न्हाई. सांगून ठिवते."

आक्का उगंच असं बोलत न्हाई. ती बारावीत हुती तवाच आबा, आमचं वडील, तिचं लगीन लावायला निघालं हुतं. पोरगं बघून झालं, सुपारी फुटायची बाकी. मामा कळप सोडून रातोरात चालत आला, दारात काठी आडवी टाकली आन् म्हणला, "दाजी, पोरगी शिकायची म्हणतीया. मामा पाठीशी हुबा ऱ्हायल्याबिगर लगीन लागत न्हाई न्हवं? मग मी न्हाई ऱ्हात हुबा. बघू कसं लावताय." आन् आक्काला म्हणला, "तुजं शिकून झालं की बोलीव. कुठं बी असंन, यीन." आक्का आज साताऱ्याला दवाखान्यात नर्स हाय. आन् आता बोलवायची येळ आली तर मामाच सापडंना.

"आक्का," मी म्हणलं, "माज्या म्होरं आख्ख्या जिल्ह्याच्या मेंढरांचा कंप्युटर हाय. दुपारच्या जेवणाआत मामा शोधते. तू मेंदी काढ."

फोन ठिवला आन् ऋषिराजला म्हणलं, "लाव तुजं यंत्र. राणीपासनं अर्जुनामामा, मामापासनं आता जवळ कोण हाय."

त्यानं बटन दाबलं. पडदा काळाकुट्ट झाला. गोल दिसंनात का काय दिसंना, नुसत्या रेघा. कातरल्या लोकरीचा गुंता कुणी काचंवर थापावा तसं.

"हे काय रं?"

ऋषिराज चष्मा पुसत म्हणला, "अर्जुनामामाच्या जवळचे लोक."

"कोण कोण?"

"सगळे."

"सगळे म्हंजी?"

"जिल्ह्यातले सगळे. प्रत्येकजण प्रत्येकाचा पावणा आहे." त्यानं आणखी एकदा बटन दाबलं. "हे बघ, लाईटचा वायरमन पण मामांचा पावणा. टँकरवाला पण. आणि…" तो लाजला. "मी पण."

"तू कसा?"

"त्या खानापूरच्या तळावर एक आज्जी होत्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं, ह्यो पावणा हाय, ह्येला ताक दे. मग आज्जींनी मला फॉर्मात तसंच भरायला लावलं."

अंकिताताई खुर्चीवर बसून खो खो हसायला लागली. माझं टकुरं सटकलं. "हासताय काय? रयवारी लगीन हाय! ऋष्या, तुला अक्कल हाय का? पावणा हे काय नातं झालं व्हय? एष्टीत शेजारी बसला तरी आमी पावणं म्हणतो!"

"मग तेव्हा सांगायचं ना! आणि जतची सगळी माहिती तुझ्या मोबाईलवरनं आली आहे. बघ, समोर तुझं नाव येतंय."

बघितलं. आलं हुतं. मग मी कीबोर्डावरनं हात काढून खिडकीत जाऊन हुबी ऱ्हायले. खाली शेडपाशी एक शेळी बाभळीच्या शेंगा खात हुती. तिला बघून जरा बरं वाटलं.

ताई हसू आवरून म्हणली, "पुसा."

"काय?"

"पावण्याच्या सगळ्या रेघा पुसा. जी रेघ सगळ्यांनाच जोडती, ती काय सांगत न्हाई."

पुसल्या. पडदा मोकळा झाला, आन् ऱ्हायलं काय? नुसते गोल, इकडंतिकडं पांगलेले. मेंढका नसलेला कळपच.

"आता तू सांग," ताई म्हणली. "मामा एका रानातनं दुसऱ्या रानात जातो तो कसा? मनाला यील तिकडं?"

"न्हाई. कुणीतरी बोलवतंय तवा जातो."

"मग कोण कुणानंतर बोलवतंय, त्याच्या रेघा काढू. पावणा न्हाई. 'हितनं तितं गेला' अशी रेघ."

मी फोन धरला. पयलं लालासाहेबांचंच रान, तितनं मामा कुठं गेल्ता ते मला ठावं हुतं, नोकरीवर यायच्या आदी त्या रानापतोर मी संगंच हुते. त्या शेतकऱ्याला फोन लावला, त्यानं म्होरल्याचं नाव सांगितलं, त्याला लावला, त्यानं त्याच्या म्होरल्याचं. येका येका फोनला ऋषिराज पडद्यावर रेघ वढत हुता. जेवायची येळ टळून गेली. ताईनं खालनं भडंग आणलं, ते खात खातच फोन. शेवटचा लागला तो वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याला. तो म्हणला, "गेला की हितनं आठ दिस झालं. कुठं ते न्हाई बोलला. त्याचा फोन पाण्यात पडल्याला, मेला हुता फोन."

संपली रेघ.

"आता अंदाज," ताई म्हणली. "जवळचं रान धरत असंल मामा." नकाशावर बघितलं, तसं न्हवतं. एकदा तासगाव, एकदा एकदम कराडपलीकडं, परत माघारी. "मग शेतकऱ्यांची सोयरीक असंल. ह्याच्या सासुरवाडीला बोलावलं, त्याच्या भावजीनं बोलावलं." इचारलं, तसं बी न्हवतं. एक जैन, एक माळी, बाकी मराठं. कुणाचं कुणाशी काय न्हाई.

ऋषिराज म्हणला, "रँडम आहे."

"मामा रँडम न्हाई," मी म्हणलं. मला परत राग येत हुता, पर ह्या टायमाला राग कशाचा ते कळंना. कायतरी खटकत हुतं. सकाळपासनं फोन करतीया, आन् कायतरी नेहमीसारखं न्हवतं. मी त्या वाळव्यावाल्याला परत फोन लावला, उगंच, नुसतं ऐकायला.

"जय हिंद!" तो म्हणला.

मी फोन कट केला आन् वरडले, "ताई! तुमचं आण्णा फोन उचलल्यावर काय म्हणत्यात?"

"जय हिंद."

"ही समदी तेच म्हणाली! फोन उचलून येक बी जण हॅलो म्हणला न्हाई. समदी फौजी हायत!"

ताईनं लगीच आण्णांना फोन लावला आन् स्पीकर चालू केला.

"जय हिंद! बोल बाळ."

"आण्णा, अर्जुनामामा फौजींच्याच रानात का बसतो हो?"

"आगं, आमीच एकमेकाला सांगतो. सरळ माणूस हाय. येतो म्हणला की येतो, जातो म्हणला की जातो. येकाचं झालं की तो दुसऱ्याला फोन करतो, पाठवू का म्हणून, न्हाईतर अर्जुनाच आपला आमच्यातल्या कुणाच्या तरी रानात जाऊन बसतो." मग हळूच म्हणलं, "आन् अर्जुनाला बी आमचं बरं पडतंय."

"का?"

"आता ते… कॅन्टीनचं जरा असतंय आमच्याकडं."

"आण्णा!"

"थंडीचं गं. फकस्त थंडीचं."

"चैत्र हाय, आण्णा," मी म्हणलं.

"राणी बी हाय का तितं? बरं बरं. काय काम काढलं?"

काम सांगितल्यावर आण्णांचा आवाजच बदलला. पलटणीतल्या एकेका दोस्ताचं नाव सांगायला लागलं, गाव, रान किती, ऊस तुटला का उभा हाय. ऋषिराजनं पडद्यावर नवा गोल काढला, 'पलटण', आन् समद्या फौजींच्या रेघा त्याला जोडल्या. मग ताईनं कंप्युटरला प्रश्न लिवला. मला तिनं मराठीत वाचून दावला. आण्णांच्या पलटणीतला असा कोण, ज्याचं रान हाय, ऊस गेलाय, पाणी हाय, आन् औंदा मामा तितं अजून बसला न्हाई?

बटन दाबलं. गुंता न्हाई, काय न्हाई. थोडकेच गोल उजळलं. त्यातला येक लांब, पार नकाशाच्या डाव्या कडंला. हवालदार तानाजी. पाटण.

"हा चुकून आला असंल," ऋषिराज म्हणला. "तुमचे कळप तिकडं जातच नाहीत."

"पाणी कुठं हाय चैत्रात? कोयनेलाच न्हवं?" मी नंबर दाबला सुदीक.

"जय हिंद!"

"काका, आमचं अर्जुनामामा—"

"अर्जुना? हितं म्होरंच बसलाय की, चा पितोय. देऊ?"

मी खाली फरशीवरच बसले. ताईनं तोंडावर हात धरला. ऋषिराज खुर्चीसकट गोल फिरला.

"कोण?" मामाचा आवाज.

"मामा, मी राणी. आवं फोन कुठं हाय तुमचा?"

"ज्वारीच्या डब्यात. वाळतोय."

"आठ दिस?"

"काढला हुता मधी. वल्लाच हुता, परत घातला."

"मामा, आक्काचं लगीन ह्या रयवारी हाय. धनाजीदाजींची सुट्टी बदलली. आक्का म्हणतीया, तुमी न्हाई तर अंतरपाटाम्होरं हुबी ऱ्हाणार न्हाई."

पलीकडं चाची कपबशी खाली ठिवल्याचा आवाज आला. मग म्हणला, "शब्द दिलाय म्या. यायलाच पायजे. पर पोरी, कळप कुणावर टाकू? तुजी मामी एक आन् बिरदेव एक." मामी म्हंजी साळूबाई, बिरदेव त्यांचा पोरगा, माज्याच वयाचा. "मामीला सोडून आलो तर ती मला जित्ता ठिवल व्हय? आन् एकटा बिरदेव पुरा पडत न्हाई, औंदा कोकरं लय हायत. आपल्यातलं कुणी आसपास हाय का बघ की तुज्या कंप्युटरात."

ऋषिराजनं बघितलं. पाटणच्या आसपास आमच्यातलं कुणी न्हवतं. जवळातला जवळ कळप कराडच्या अलीकडं, तो चालत येईस्तवर लगीन लागून वरात निघाली असती.

मला रडू यायला लागलं, आन् रडू आलं की मला राग येतो. सापडून बी न सापडल्यासारखंच झालं की हे!

तवर स्पीकरवरनं कुणीतरी खाकरलं. आण्णांचा फोन ताईनं बंदच केला न्हवता.

"आमी मेलो काय?" लालासाहेब म्हणलं. "सरहद्द राखली, मेंढरं राखता येत न्हाईत व्हय?"

सनवारी सकाळी ताईच्या गाडीत आमी पाटणला निघालो. वाटंत पलूसला आण्णा चढलं. पायात फौजी बूट, हातात काठी, गळ्यात दुर्बीण.

"दुर्बीण कशाला, आण्णा?"

"लांडगं बघायला."

पाटणात नदीकडंला तानाजीकाकांचं रान. तितं तानाजीकाका आन् वाळव्याचा तो फौजी, दोघं ताठ हुबं. मामा मेंढ्याला नदीत धूत हुता. मला बघितलं आन् वल्ल्या हातानंच माजी दोन्ही गालफडं धरली. लोकरीचा आन् चिखलाचा वास आला. मामी म्हणली, "सोड तिला, लुगडं कंचं नेसू ते सांग आदी."

बिरदेवनं फौजींना वळीत हुबं केलं. मिसरूड फुटल्यालं पोरगं, डोईवर लाल मुंडासं, आन् म्होरं सुभेदार.

"हे बघा," तो म्हणला, "सांजच्याला हजेरी घ्यायची."

"मोजून घेतो," आण्णा म्हणलं. "किती हायत?"

"मोजायची न्हाईत. मोजून काय कळतंय? येक आपलं गेलं आन् येक दुसऱ्याचं आलं तर मोजणी बराबरच येती. कुणाचं कोण ते बघायचं. समदी मेंढरं बसली की जी वरडती तिचं कोकरू न्हाई. आन् जे कोकरू येकटंच हुबं हाय, त्याची आय मागं ऱ्हायली. वरडती तिला न् हुबं हाय त्येला गाठ घालून द्यायची. गप झाली की झाली हजेरी."

ऋषिराजनं ताईकडं बघितलं. ताई म्हणली, "लिव लिव. पुढच्या टायमाला कामाला यील."

"समजलं का?" बिरदेवनं इचारलं.

"हो, साहेब!" तिघं फौजी एका सुरात वरडलं. त्या आवाजानं निम्मी मेंढरं नदीकडं पळाली. बिरदेवनं कपाळावर हात मारला. "पयला नियम. वरडायचं न्हाई."

आमी निघालो तवा तिघं चवड्यावर चालत मेंढरं माघारी वळवत हुतं. येकाच्या हातात दुर्बीण, येकाच्या काखंत कोकरू.

गाडीत मामी म्होरं बसली, कारण मामी म्होरंच बसती. मागं मी, मामा, ऋषिराज, आन् ऋषिराजच्या मांडीवर ज्वारीचा डबा. मामा म्हणला, फोन मधीच काढला तर बिघडंल. कराड गेलं, पुसेगाव गेलं. माणदेश लागला तशी झाडं सपली आन् मामा सरळ हुऊन बसला. "आता वास आला," म्हणला.

हळदीच्या मांडवाम्होरं गाडी थांबली. आक्का पाटावर बसल्याली, तोंड पिवळंधमक. मामाला बघितलं आन् उठली. बाया वरडल्या, "बस गं, उठू नगं, अजून हळद लावायचीया!" तिनं ऐकलंच न्हाई. हळदीच्या हातानं मामाला अशी बिलगली की मामाचा नवाकोरा सफेत सदरा पाठीवर दोन पंजं उमटून पिवळा झाला.

मामा म्हणला, "बोलावलंस, आलो. उशीर झाला का?"

"न्हाई," आक्का म्हणली, आन् त्याला हाताला धरून पाटापाशी घिऊन गेली.

आबा जरा बाजूला हुबं हुतं. ते म्होरं आलं आन् मामाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "औंदा काठी आणली न्हाईस न्हवं, अर्जुना?"

"आणलीया की. पर आडवी न्हाई टाकत. ह्या टायमाला उभी धरतो."

दुसऱ्या दिशी खरंच धरली. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, आन् आक्काच्या पाठीशी मामा हुबा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी उभी, सदऱ्यावर ते दोन पिवळं पंजं तसंच. मामीनं लय सांगितलं दुसरा घाल म्हणून, न्हाई बदलला. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. मी माज्या अक्षता निम्म्या आक्कावर टाकल्या आन् निम्म्या मामावर.

तेवढ्यात ताईच्या फोनवर व्हिडीओ कॉल आला. तिघं फौजी रानात सलाम ठोकून हुबं. मागं कळप निवांत बसल्याला. बिरदेवचा आवाज, "हजेरी झाली. समदी हायत. आण्णांना एक मेंढी चावली, बाकी ठीक." मग आण्णांचं तोंड पडद्यावर मोठं झालं. "राणी, येक काम हाय. आता आमी अर्जुनाचं कोण लागतो, ते कंप्युटरात घाल. पावणं लिव."

"ती रेघ बंद केलीया, आण्णा!"

"मग?"

"'मेंढरं राखली' अशी नवी काढते. सध्या जिल्ह्यात तुमी तिघंच हाय तिच्यावर."

आण्णांनी परत सलाम ठोकला.

मी ऋषिराजला सांगायला गेले तर तो पंगतीत बसल्याला. कडंला एक म्हातारी, आमच्या आबांची चुलती, त्येला निरखून बघत हुती.

"तू कुणाचा रं लेकरा?"

ऋषिराज हुशारीनं बसला. आता चुकायचं न्हाई असं त्याच्या तोंडावरच दिसत हुतं. "आज्जी, मी राणीच्या ऑफिसातला. राणी सोनमताईंची बहीण. सोनमताईंचे मामा अर्जुनामामा. त्यांना शोधायला मी होतो. असा."

म्हातारीनं समदं ऐकून घेतलं. मग वाढप्याला हाळी दिली.

"आरं, हितं वाढा की. पावणा हाय ह्यो."